रुईच्या दोनशे गाठी आणि दोन अधिसूचना

ही गोष्ट एका शेतकरी उत्पादक कंपनीची: कापसावरचं आयात शुल्क अचानक माफ झालं, तेव्हा तिच्या रुईच्या दोनशे गाठी विकायच्या पडून होत्या. कंपनी वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या अंगाला आहे. गाव किंवा माणसं ओळखू येतील असं काही इथे ठेवलेलं नाही आणि आकडे थोडे गोल केले आहेत. मी या कंपनीचे हिशेब पाहतो, संचालकांच्या बैठकींनाही बसतो. त्यामुळे पुढे ज्या चुका आल्या आहेत, त्यातली निदान एक माझी आहे.

पार्श्वभूमी

कंपनीचे कापूस विकणारे सभासद १४० च्या आसपास. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपनीने त्यांच्याकडून १,००० क्विंटल कापूस सरासरी ७,१५० रुपयांनी घेतला. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. मग सभासदांनी कंपनीला कमी भावात कापूस का दिला? सीसीआयच्या, म्हणजे हमीभावाने खरेदी करणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर रांग होती, गाडीभाडं होतं, आणि मार्चमध्ये सोसायटीचं कर्ज भरायचं होतं. कंपनी आठ दिवसांत पैसे देत होती, शिवाय नफा झाला तर वरून बोनस देऊ असं ठरलं होतं.

कापूस भाड्याच्या जिनिंगमध्ये, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, नेऊन रुई काढून घेतली. क्विंटलला ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघाली, बाकी घट. रुईच्या १७० किलोच्या दोनशे गाठी झाल्या. व्यापारात भाव ३५६ किलोच्या खंडीवर बोलतात, त्या मापाने हा माल साडेपंच्याण्णव खंडी. सरकी लगेच विकली. कापसाची किंमत, जिनिंग-प्रेसिंग आणि वाहतूक धरून त्यातून सरकीचे पैसे वजा केले, तर रुई कंपनीला खंडीमागे ५६,००० ला पडली. गाठी गोदामात ठेवून पावतीवर तारण कर्ज काढलं. व्याज, भाडं आणि विमा मिळून महिन्याला चाळीस हजार, म्हणजे खंडीवर दर महिन्याला ४२० रुपये चढत होते. ऑगस्टच्या मध्यापर्यंत पडता, म्हणजे माल आपल्याला पडलेली किंमत, ५८,००० वर गेला.

जुलैमध्ये दलालाने ५७,००० सांगितले होते. संचालकांनी नाही म्हटलं. "अठ्ठावन्न आले का काढू" हे वाक्य मी त्या महिन्यात चार वेळा तरी ऐकलं. अठ्ठावन्न कुठून आले? पडत्यातून. आपल्याला माल जेवढ्यात पडला तेवढे तरी बाजाराने द्यावेत, एवढाच त्यामागचा हिशेब होता. बाजाराला आपला पडता माहीत नसतो हे आम्ही सगळे जाणून होतो. तरी कोणी बोललं नाही, मीही नाही.

अडचण

१८ ऑगस्ट, सोमवार. रात्री साडेनऊच्या सुमारास कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक मेसेज फिरत आला: कापसावरचं आयात शुल्क माफ. खाली रागावलेले चेहरे आणि एका संचालकाचं, "आता काय होते बाप्पा?"

झालं होतं ते असं. २ फेब्रुवारी २०२१ पासून परदेशी कापसावर एकूण ११ टक्के शुल्क होतं: पाच टक्के मूळ सीमाशुल्क, पाच टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि या दोन्हींवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार. केंद्राने १८ ऑगस्टला ३५/२०२५ क्रमांकाची अधिसूचना काढून १९ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर २०२५ एवढ्या काळासाठी हे सगळं माफ केलं. अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के कर लावला होता आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के लागणार होता. कपडा गिरण्या अडचणीत होत्या, त्यांना कच्चा माल स्वस्त हवा होता. अध्यक्ष काकाजींनी दुसऱ्या दिवशी हे सगळं एका वाक्यात गुंडाळलं: "त्यानं कर लावला कपड्यावर, अन् चटका बसला आमच्या रुईले."

दोन दिवसांत दलालाचा भाव ५५,५०० वर आला. सीसीआयनेही आपल्याकडच्या गाठींचा विक्री भाव खाली आणला. आमच्या दोनशे गाठींवर कागदोपत्री दोन लाख चाळीस हजारांचा खड्डा पडला, आणि अजून एकही गाठ हलली नव्हती.

खरी अडचण मात्र भाव पडला ही नव्हती. भाव पडतात, चढतात. हिंगणघाटचा रोजचा भाव कंपनीला तोंडपाठ होता, पण तो भाव कशाच्या आधारावर उभा आहे हे कोणी पाहिलं नव्हतं. कंपनीची मुख्य कार्यकारी त्याच तालुक्यातली, कृषी पदवीधर, सत्तावीस वर्षांची मुलगी. तिला सगळे ताई म्हणतात, एकटे काकाजी पोरी म्हणतात. १९ तारखेला तिने सरकीच्या जुन्या पावतीच्या पाठीमागे हिशेब मांडला. तो इथे देतो, कारण पुढचं सगळं त्यावर फिरतं.

परदेशी रुई बंदरात पोचून साधारण पौंडाला ७८ सेंट पडते असं धरू. खंडीत ७८५ पौंड असतात. म्हणजे ६१२ डॉलर. डॉलर साडेसत्त्याऐंशी रुपयांचा धरला तर खंडी ५३,५०० ला. त्यावर ११ टक्के शुल्क चढवलं की ५९,४०० होतात. शुल्क होतं तोवर गिरणीवाल्याला बाहेरची रुई ५९,४०० ला पडत होती, म्हणून तो आपल्या रुईला ५७,००० द्यायला तयार होता आणि ५८,००० ची आशाही धरता येत होती. शुल्क गेलं की तीच बाहेरची रुई ५३,५०० ला. आमची ५८,००० ची आशा त्या अकरा टक्क्यांवर बसलेली होती.

पावतीच्या पुढच्या बाजूला सरकीचा भाव आणि जिनिंगचा शिक्का होता. ती पावती तिने नंतर कार्यालयाच्या कपाटाला आतून चिकटवली. अजून तिथेच आहे.

समोरचे पर्याय

बैठक २३ ऑगस्टला झाली. आदल्या दिवशी पोळा होता, त्या दिवशी तान्हा पोळा. कार्यालयाच्या दारात पोरं लाकडी बैल ओढत बोजारा मागायला येत होती आणि आत आम्ही अडीच लाखांचं बोलत होतो. दर दहा मिनिटांनी कोणीतरी उठून दहाची नोट देऊन यायचं. चर्चा तुटत होती, आणि तुटली ते एका परीने बरंच झालं, कारण दोन संचालकांचा आवाज फार चढला होता.

पहिलं मत: सगळ्या गाठी ५५,५०० ला आजच काढा. हे ताईचं मत. तिचं म्हणणं, बाजार अजून पूर्ण खाली आलेला नाही, दलालाच्या मागे गिरणीची मागणी आहे तोवर सुटू.

दुसरं मत एका व्यापारी डोक्याच्या संचालकाचं. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. "तीस सप्टेंबरले सूट संपते. एक ऑक्टोबरले शुल्क वापस. मंग भाव वापस. सव्वा महिना थांबाले काय जाते?" सव्वा महिन्याचे खंडीला सव्वापाचशे रुपये जातात, हे मी सांगितलं. ते म्हणाले, अडीच हजारांसाठी पाचशे लावू.

तिसरा पर्याय एका सूतगिरणीचा होता. थेट घेऊ, ५६,००० देऊ, पण पैसे पंचेचाळीस दिवसांनी. उधारीत बुडालेल्या दुसऱ्या एका कंपनीची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, म्हणून तो पाच मिनिटांत बाजूला पडला. गिरणीची पत काय हे विचारायला कोणी फोनही केला नाही. चौथा पर्याय, म्हणजे एमसीएक्स या वायदे बाजारात रुईचा वायदा (पुढच्या तारखेचा सौदा आजच ठरलेल्या भावाने) विकून भाव बांधून घेणं, मी बोलून दाखवला. हरभरा, सोयाबीनचे वायदे बाजारनियामक सेबीने २०२१ पासून बंद ठेवले होते, पण रुईचे तेव्हा चालू होते. मात्र कंपनीचं खातंच नव्हतं, आणि घर पेटल्यावर विमा काढायला निघण्यातलाच तो प्रकार होता.

माझी चूक इथे आहे. भाऊंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "सर, तीस सप्टेंबरले नक्की संपते ना?" मी म्हटलं, "अधिसूचनेत तसंच आहे." अधिसूचना मी उघडलेली नव्हती. मेसेज वाचला होता. तारीख खरीच निघाली, पण प्रश्न तारखेचा नव्हताच. सूट वाढू शकते का, असं ते विचारत होते, आणि मी कागदावरची तारीख वाचून दाखवल्यासारखं उत्तर दिलं.

काय केलं

निर्णय झाला निम्मा-निम्मा. शंभर गाठी लगेच ५५,५०० ला, शंभर ऑक्टोबरपर्यंत ठेवायच्या. कागदावर ही जोखीम वाटून घेण्याची शहाणी पद्धत दिसते. खरं सांगायचं तर तो तंटा मिटवण्याचा मार्ग होता. ताई आणि भाऊ दोघांचीही अर्धी-अर्धी मानली, आणि काकाजी म्हणाले, "आता चहा सांगा."

शंभर गाठी २५ तारखेला गेल्या.

२७ ऑगस्टला गणपती बसले. त्याच दिवशी अमेरिकेचा पन्नास टक्के कर लागू झाला. २८ ला केंद्राने दुसरी अधिसूचना काढली, क्रमांक ३६/२०२५: कापसावरची सूट ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. म्हणजे नवा कापूस घरात येऊन अर्धाअधिक विकला जाईपर्यंत शुल्क नाही. भाऊंच्या "एक ऑक्टोबर"चा पायाच गेला. मला वाटलं होतं ते रागावतील. ते दोन दिवस गटावर काहीच बोलले नाहीत.

१ सप्टेंबरला कर्ज देणाऱ्या संस्थेचा फोन आला की तारणाची किंमत उतरली आहे, मार्जिन भरा, म्हणजे तेवढी तूट रोख भरून काढा. आता ठरवायला फार वाव नव्हता. उरलेल्या शंभर गाठी ३ सप्टेंबरला ५४,३०० ला काढल्या, पैसे दहा दिवसांत. या वेळी गटावर मत मागितलं नाही. ताई, काकाजी आणि मी, तिघांनी फोनवर ठरवलं. भाऊंना ताईने आधी फोन केला, तेवढा मान तिने राखला.

नव्या हंगामासाठी दुसरा निर्णय सप्टेंबरमध्येच झाला, आणि या सगळ्या प्रकरणात मला तोच मोठा वाटतो. कंपनीने २०२५-२६ मध्ये स्वतः कापूस घ्यायचा नाही. कारण साधं होतं, फक्त ते आम्हाला आधी दिसलं नव्हतं. शेतकऱ्याच्या कापसाखाली हमीभावाची फरशी असते. या हंगामात ती मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० होती. आयात शुल्क शून्य झालं तरी सीसीआयला त्याच भावाने घ्यावं लागतं. कंपनीने तो कापूस घेऊन त्याची रुई केली की फरशी संपली. रुईला हमीभाव नसतो. म्हणजे मार्चमध्ये आम्ही सभासदांची जोखीम त्यांच्या डोक्यावरून काढून आपल्या डोक्यावर घेतली होती, आणि तिची किंमत धरली होती शून्य.

त्याऐवजी कंपनीने सभासदांची सीसीआयच्या 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी करून द्यायची असं ठरलं. ऐकायला हे बाबूगिरीचं काम वाटतं. प्रत्यक्षात दीड महिना दोन पोरं त्यातच अडकली. कोणाची ई-पीक पाहणी झालेली नाही, कोणाच्या सातबाऱ्यावर चार भावांची नावं, कोणाचा आधारला जोडलेला मोबाईल नंबर मुलीच्या सासरी. एका आजीबाईंचं नाव आधारवर एक आणि सातबाऱ्यावर वेगळं होतं. त्यांच्यासाठी पोरांनी तलाठ्याकडे तीन चकरा मारल्या. शेवटी १४० पैकी ११८ जणांची नोंदणी पुरी झाली.

काय झालं

रुईच्या व्यवहारात कंपनीला सुमारे ३ लाख २० हजारांचा तोटा झाला. जुलैमध्ये ५७,००० ला काढली असती तर तोटा ६२ हजारांवर राहिला असता. बोनस अर्थातच नाही. सर्वसाधारण सभेत हे आकडे ताईने फळ्यावर लिहून दाखवले, आणि मला वाटतं त्यामुळेच आरडाओरडा झाला नाही. दोघांनी विचारलं, तिने पावतीमागचा हिशेब पुन्हा मांडला.

उरलेल्या गाठी सप्टेंबरमध्ये काढल्या ते योग्य होतं का? ऑक्टोबरच्या अखेरीला त्याच दलालाने ५२,५०० सांगितले. तेव्हा वाटलं, वाचलो.

कापूस सभासदांनी थेट केंद्रावर दिला, पण सरसकट सगळं सुरळीत झालं असं नाही. ऑक्टोबरच्या पावसाने कापूस ओला होता. केंद्रावर आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्यावर दर टक्क्याला एक टक्का कपात आणि बाराच्या वर गाडी परत. पहिल्या खेपेत आमच्या सहा गाड्या परत आल्या. त्यातल्या चौघांनी घरी नेऊन वाळवण्याऐवजी वाटेतच ६,८०० ला व्यापाऱ्याला घातला. त्यांना दोष देता येत नाही. दिवाळी तोंडावर होती.

एक लहानशी परीक्षा ऑक्टोबरअखेर आली. कंपनीची डाळ मिल आहे आणि त्या वेळी तिथे साठ क्विंटल हरभरा पडून होता. गटावर मेसेज: पिवळ्या वाटाण्यावर १ नोव्हेंबरपासून ३० टक्के शुल्क, हरभरा तेजीत, विकू नका. बेसनात हरभऱ्याच्या जागी वाटाणा जातो, त्यामुळे तर्क चुकीचा नव्हता. या वेळी ताईने मेसेज बाजूला ठेवून अधिसूचना उघडली. त्यात अट होती की ३१ ऑक्टोबरपर्यंतचं बिल ऑफ लेडिंग असलेल्या मालाला शुल्क नाही. बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाजात माल चढवल्याची पावती. कॅनडातून, रशियातून निघालेला माल समुद्रात होता आणि तो पुढे कित्येक आठवडे बिनशुल्क उतरणार होता. हरभरा ठरल्याप्रमाणे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात विकला. महिनाभर आमच्या बाजारात हरभऱ्याचा भाव फारसा हलला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

जुलैत विकायला हवं होतं हे आता कोणीही सांगेल. मला त्यात रस नाही. १८ ऑगस्ट कोणाला आधी दिसत नव्हता. पण २३ ऑगस्टला टेबलावर असलेल्या माहितीत काय वाचता आलं असतं, हे पाहण्यासारखं आहे.

एक तर इतिहास. २०२२ मध्येही असंच झालं होतं. १४ एप्रिलपासून ३० सप्टेंबरपर्यंत कापसावरचं शुल्क माफ केलं, आणि मग ती मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढवली. म्हणजे मागच्या सवलतीची शेवटची तारीखही शेवटची ठरली नव्हती. हे पाच मिनिटांत सापडलं असतं.

दुसरं म्हणजे समुद्र. पहिली सूट ४३ दिवसांची होती. ब्राझील किंवा अमेरिकेतून रुई सौदा होऊन इथे उतरायला दीड-दोन महिने सहज लागतात. सीमाशुल्क कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे दर लागतो तो बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा सीमाशुल्क खात्याकडे भरायचा कागद, दाखल केल्याच्या दिवसाचा. जहाज त्यानंतर आलं तर जहाज आल्याच्या दिवसाचा. आणि बॉण्डेड, म्हणजे शुल्क न भरता माल ठेवता येणाऱ्या, गोदामातल्या मालाला तो सोडवून नेण्याचं बिल भरल्याच्या दिवसाचा. म्हणजे ४३ दिवसांची सूट कामाची होती फक्त वाटेत असलेल्या आणि बंदरावर बॉण्डमध्ये पडलेल्या मालाला. नवा सौदा करणाऱ्या गिरणीला तिचा उपयोग नव्हता. अशा वेळी गिरण्या मुदतवाढ मागणार हे उघड होतं. भाऊंच्या पैजेत ही शक्यता धरलीच नव्हती, आणि ती त्यांच्यापुढे ठेवणं माझं काम होतं.

हीच गोष्ट वाटाण्यात उलटी होती. तिथे जहाजात चढवल्याची तारीख धरली, कापसात बंदरावरच्या कागदाची. दोन्हीकडे मेसेजमध्ये नुसतं "अमुक तारखेपासून" एवढंच असतं. तारीख कोणत्या कागदाची, हे मूळ अधिसूचनेतच कळतं. सीमाशुल्काच्या अधिसूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर असतात, इंग्रजी आणि हिंदीत, बहुतेक एक-दोन पानी. आयातीवर बंदी, बंदराची अट किंवा किमान किंमत असेल तर ते विदेश व्यापार महासंचालनालयाकडे, वेगळ्या अधिसूचनेत. वाटाण्याचंच पाहा: डिसेंबर २०२३ पर्यंत किलोला २०० रुपये किमान आयात किंमत आणि फक्त कोलकाता बंदर या अटी होत्या, शुल्क वेगळं, अटी वेगळ्या. एकच दार पाहिलं तर दुसरं उघडं राहतं.

सूतगिरणीला पत विचारायचा एक फोन करायला हवा होता, हे भाऊ आता स्वतः म्हणतात. ५६,००० पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे व्याज जाऊनही ५५,४०० च्या आसपास पडले असते. दुसऱ्या शंभर गाठींना मिळाले त्यापेक्षा हजाराने जास्त.

आणि एक वाद अजून मिटलेला नाही. ३१ डिसेंबरनंतर सूट वाढली नाही. १ जानेवारी २०२६ पासून अकरा टक्के पुन्हा लागू झाले आणि रुई चढली. जानेवारीच्या बैठकीत भाऊंनी मोबाईल पुढे केला, दलालाचा भाव ५५,८००. "पाह्यलं? शुल्क वापस आलं, भाव वापस आला. मी म्हणत होतो." ताईने चार महिन्यांचे खंडीमागे १,७०० रुपये ५४,३०० मध्ये मिळवले आणि ५६,००० चा आकडा त्यांच्यापुढे सरकवला. जुनी रुई म्हणून जो भाव कमी मिळाला असता आणि जे मार्जिन भरावं लागलं असतं, ते तिने धरलंही नव्हतं. भाऊंना ते पटलं असं वाटलं नाही. मला स्वतःला विचाराल तर मार्जिन भरायला पैसे असते, तर हा वाद दोनशे रुपयांच्या फरकाचा आहे.

तेवढ्यात काकाजींनी तुरीचा विषय काढला. तूर निघायला लागली होती, डाळ मिलसाठी दीडशे क्विंटल घेऊन ठेवायची की लागेल तशी घ्यायची हे ठरवायचं होतं. तुरीची बिनशुल्क आयात तेव्हा ३१ मार्च २०२६ पर्यंत होती. काकाजी माझ्याकडे न पाहता ताईला म्हणाले, "पोरी, हे एकतीस मार्च कोन्त्या कागदाची, ते पाहून सांग. मंग बोलू."